उजव्या पुढच्या पायातला खिळा

आमच्या भागात घोडा विकत घ्यायला निघालेला माणूस जनावरांच्या डॉक्टरला नंतर विचारतो, आधी नालबंदाला गाडीत घालतो. डॉक्टर तोंड बघतो, छाती ऐकतो. नालबंद पाय उचलतो. विकणारा आयाळ विंचरून, अंगाला खरारा करून घोडा उभा करतो. पण खूर उलटा करून दाखवायची वेळ आली की त्याला चहा आठवतो. "आधी चहा घ्या, मिस्त्री." असा चहा मी पुष्कळ प्यायलो आहे. खूर मात्र बघितल्याशिवाय उठलो नाही.

मी डहाणूजवळच्या मसोलीत राहतो. माझे वडील बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचे. डांबरी रस्त्यावर बैलाचा खूर झिजतो, म्हणून लोखंडाची पातळ पत्री ठोकतात. मी त्यांच्याकडे शिकलो आणि पुढे घोड्यांकडे वळलो. २०१४ साली बैलांच्या शर्यतींवर बंदी आली आणि माझं अर्धं काम गेलं. उरले घोडे. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणारे, लग्नात नवरदेवाला वाहणारे, आणि चार-दोन वाडीवाल्यांनी हौसेने पाळलेले. डहाणूपासून तलासरीपर्यंत मी मोटरसायकलवर पेटी बांधून फिरायचो. पेटीत हातोडी, पकड, कानस, खूर तासायचा वाकडा चाकू आणि खिळे.

या धंद्यात माणूस संशयी होतो, त्याला इलाज नाही. तलासरीच्या एका वरातीच्या घोडेवाल्याने खुराला उभी भेग गेलेली असताना नळाची गळती बुजवायला लावतात ती लांबी भरली होती आणि वरून बुटाचं काळं पॉलिश मारलं होतं. मी नख लावलं तर लांबीचा तुकडाच हातात आला. "अरे वा," तो म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, "घोड्याच्या पायाला बुटासारखी चमक कधी असते का?"

दुसरी युक्ती याहून वाईट. घोडा एका पायाने लंगडत असेल तर काही दलाल दुसऱ्या, चांगल्या पायाच्या नालेखाली बारीक खडा बसवतात. मग दोन्ही पाय सारखे दुखतात, चाल सारखी पडते आणि बघणाऱ्याला वाटतं, घोडा जरा सुस्त आहे एवढंच. हे मी पहिल्यांदा पकडलं तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नाही. त्यानंतर मी कुठल्याही घोड्याजवळ गेलो की आधी घोडेवाल्याकडे बघायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीला फसवणं कठीण. मला ते आवडायचं. आज जे सांगणार आहे त्यात त्या आवडण्याचाही हात आहे.

हेमंतभाईंची चिकूची वाडी डहाणूत समुद्राच्या अंगाला. पिढ्यान्‌पिढ्यांचे बागायतदार, माणूस बोलका, चारचौघांत हशा पिकवणारा. त्यांच्या मुलीने, मृणालने, आठवीत असताना घोडा मागितला आणि त्यांनी घेऊन दिला. काठेवाडी घोडी, बांधा लहान, कान टोकाशी एकमेकांना टेकणारे. नाव रेवडी. ती घेतानाही गाडीत मीच होतो आणि तिचे पाय मीच पास केले होते. खुराची भिंत तेवढी पातळ होती. मी तसं सांगितलंही होतं.

खुराची भिंत म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घोड्याच्या खुराचा बाहेरचा थर आपल्या नखासारखा असतो. त्याला ठोका, कापा, जनावराला कळत नाही. त्याच्या आत जिवंत मांस. दोघांच्या मधे, खूर उलटा केला की एक फिकट रेघ दिसते. खिळा त्या रेघेच्या बाहेरून शिरून भिंतीतून वर निघाला पाहिजे. आत गेला तर घोडा तिथल्या तिथे पाय झटकतो, तुम्ही खिळा काढता, औषध ओतता, विषय संपतो. खरी भीती मधल्या खिळ्याची. तो मांसात शिरत नाही, पण मांसाला दाबून बसतो. घोडा त्या दिवशी काही बोलत नाही. दोन-तीन दिवसांनी बोलतो.

आणि नालबंदाला हे ठोकतानाच कळतं. खिळा कडक भिंतीतून जात असेल तर हातोडीचा आवाज प्रत्येक ठोक्याला अधिक कडक होतो. आत सरकत असेल तर आवाज मऊ राहतो. वडील म्हणायचे, डोळे मिटून ठोक, कान उघडे ठेव.

२०१६ च्या एप्रिलमध्ये हेमंतभाईंनी बोलावलं. मृणाल तेव्हा पंधरा वर्षांची, दहावीत जाणार होती. तिने मोबाइलवर पिंपांची शर्यत पाहिली होती. मैदानात तीन पिंपं त्रिकोणात ठेवायची, घोड्यावरून भरधाव जायचं, पहिल्याला उजवीकडून वळसा, उरलेल्या दोघांना डावीकडून, आणि सरळ परत. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. पिंप पडलं तर दंड. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण भरधाव घोडा पिंपाला घासून वळतो तेव्हा त्याचं सगळं वजन आतल्या बाजूच्या पायांवर येतं. ते पाय धड असले पाहिजेत.

हिवाळ्यात एका क्लबात तरुण मुलांसाठी अशी स्पर्धा होणार होती आणि मृणालला त्यात उतरायचं होतं. त्याआधी सुट्टीत कुठेतरी शिकायचं. अशा चार-आठ दिवसांच्या शिकवणीला क्लिनिक म्हणतात, हे मला तिनेच सांगितलं.

"तीन जागा आहेत," हेमंतभाई म्हणाले. "तिन्ही ठिकाणी सगळे गोड बोलतात. तुम्ही चला. तुम्हाला कोणी गोड बोलत नाही."

"माझा चेहराच तसा आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर नेतोय."

पहिली जागा गुजरातच्या हद्दीत. तिथे आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. घोड्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यांत लगामाने पडलेल्या जखमा होत्या आणि त्यांवर हळद लावली होती. मी काही बोलायच्या आत मृणालच गाडीत जाऊन बसली.

दुसरी जागा डहाणूतच, किनाऱ्याजवळ सुरूच्या झाडांमागे. चालवणारे स्वतःला कॅप्टन म्हणवत. रुंद काठाची टोपी, कमरेला मोठं बक्कल, शिटी. तीन निळी कोरी पिंपं, तारेचं कुंपण, पालकांना बसायला छत्र्या. मी विचारलं, "कॅप्टन कुठले?" तर म्हणाले, "सगळीकडचेच समजा." घोड्यांच्या खुरांना काळं तेल लावलं होतं. सबंध सकाळ आम्ही तिथे होतो आणि त्या माणसाने एकाही घोड्याचा एकही पाय उचलून बघितला नाही. शेवटी प्रमाणपत्राचा नमुना दाखवला, सोनेरी किनारीचा.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "हा वरातीतला बँडमास्तर आहे." हेमंतभाई इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तिसरी जागा तलासरीच्या पुढे, उधव्याच्या रस्त्याला. सुधाताई म्हणून एक बाई होत्या, पन्नाशीच्या, घाटावरच्या एका निवासी शाळेत वीस वर्षं मुलांना घोड्यावर बसायला शिकवून भावाच्या जमिनीवर येऊन राहिलेल्या. पाच घोडे, गवती छप्पर, डांबराची गंजकी पिंपं. तिथे तीन मुलं होती आणि तिन्ही पायी चालत होती. घोड्याशिवाय, पिंपांभोवती, पावलं मोजत.

"घोड्यावर कधी बसवता?" हेमंतभाईंनी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

"आणि शिकवणी किती दिवसांची?"

"दहा. पण आधी घोडी आणा. तिला बघून सांगेन घ्यायचं की नाही ते."

"म्हणजे परीक्षा घोडीची," हेमंतभाई म्हणाले. बाई हसल्या नाहीत.

मी त्यांच्या घोड्यांचे पाय उचलले. एकालाही नाल नव्हती. खूर तासलेले, गोल केलेले, सुरेख. मी बारकाईने खोट शोधली, सापडली नाही. "नाल नाही लावत?" मी विचारलं.

"या मातीत गरज पडत नाही. डांबरावर न्यायचे असतील तर लावते. तुमच्या पोटावर पाय देत नाही हो भाऊ, पण गरज नसताना खिळे कशाला?"

ती चेष्टा होती, आज मला कळतं. त्या दिवशी मला झोंबलं. बैल गेले होते, आता ही बाई मुलांना शिकवणार की घोड्यालाही नाल नको. तरी परत येताना मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "हेमंतभाई, हीच जागा. बाईला पाय कळतात." मृणालने मागून माझ्या खांद्यावर थाप मारली.

इथवर मी सरळ होतो. पुढचं आजवर घरीसुद्धा बोललो नव्हतो.

घोडी सुधाताईंना दाखवायची म्हणून दोन दिवस आधी मी रेवडीच्या नाला बदलल्या. जुन्या आणखी दोन आठवडे चालल्या असत्या. पण त्या बाईला माझं काम दिसावं, अशी इच्छा होती. लग्नसराईचे दिवस, त्याच दुपारी तलासरीला वरातीचा घोडा माझी वाट बघत होता आणि तिकडून सारखे फोन येत होते. रेवडीचा उजवा पुढचा पाय शेवटी घेतला. आतल्या बाजूचा दुसरा खिळा ठोकताना आवाज मऊ आला.

मी थांबलो. हातोडी हवेत होती. देवजीने पाय धरला होता. देवजी रानशेतचा, साठीचा, हेमंतभाईंच्या तबेल्यावर वीस वर्षं. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याच वेळी पुन्हा फोन वाजला.

घोडीने पाय झटकला नाही. मी आणखी दोन ठोके मारले, खिळ्याचं टोक मोडलं, वळवून बसवलं आणि निघालो.

दोन दिवसांनी टेम्पोत घालून रेवडीला सुधाताईंकडे नेलं. त्यांनी तिला सरळ चालवलं, मग डावीकडे लहान गोल, मग उजवीकडे. उजवीकडे घोडीने डोकं किंचित वर टाकलं. फार नाही. बाईंनी चारही खुरांवर तळहात ठेवून ऊब बघितली, मग हातात दगड घेऊन नालेवर एकेक खिळ्याशी हलकं ठोकलं. उजव्या पुढच्या पायात, आतल्या बाजूच्या दुसऱ्या खिळ्याला, रेवडीने पाय ओढून घेतला.

हेमंतभाई फाटकाजवळ फोनवर होते, मृणाल पिंपांभोवती पायी वळसे घेत होती. बाई हळू आवाजात बोलल्या. माझी अब्रू राखून बोलल्या, हे मला तेव्हाही कळलं होतं.

"भाऊ, हा एक खिळा काढून बघा. माझ्याकडे पकड आहे."

"नवी नाल आहे," मी म्हटलं. "दोन दिवस जनावर असंच करतं."

"करतं. चारही पायांवर करतं. एकाच खिळ्यावर नाही करत."

"पंचवीस वर्षं ठोकतोय मी, बाई."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय. शिकाऊ असता तर मीच काढला असता." त्या थोडं थांबल्या. "कुणाच्या हातून होत नाही? काढा, चार दिवस घोडी उभी ठेवू, मग मुलीला घेऊन या."

एवढंच करायचं होतं. पकड समोर होती. फाटकाजवळ हेमंतभाईंचा फोन संपत आला होता. मी पाय खाली सोडला, हात झटकले आणि चालत त्यांच्याकडे गेलो.

गाडीत मी जे बोललो ते मला शब्द न्‌ शब्द आठवतं. म्हटलं, "हेमंतभाई, माझी चूक झाली. ही बाई दिसते तशी नाही."

"काय झालं?"

"आपल्या घोडीत खोट काढते. पाय दुखतो म्हणे. मी दोन दिवसांपूर्वी हाताने नाल ठोकली, मला माहीत नाही? यांची जुनी रीत असते. आधी तुमचं जनावर नालायक ठरवायचं, मग आपलं गळ्यात मारायचं. पाच घोडे कशाला पाळलेत?"

"पण काका," मृणाल म्हणाली, "त्यांनी आपल्याला काही विकायचं म्हटलंच नाही."

"आधी म्हणणार नाहीच, बेटा."

"मग म्हणाल्या नाहीत तरी संशय आणि म्हणाल्या असत्या तरी संशय?"

हेमंतभाई हसले. "मिस्त्रींशी वाद घालू नकोस. दलालांचे बाप आहेत ते."

नालेखाली खडा लपवणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या. त्या दिवशी मी त्यांच्याहून वेगळा नव्हतो, आणि माझ्यावर कुणी संशय घेणार नव्हतं, कारण संशय घ्यायचं काम माझंच होतं.

मग कुठे जायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बँडमास्तर तर बँडमास्तर. घराजवळ आहे. निदान घोडी आपल्या तबेल्यात राहील." पण मनात खरं कारण दुसरं होतं. ज्या माणसाने सबंध सकाळ एकही पाय उचलला नाही, तो रेवडीचाही उचलणार नव्हता.

खिळा मी नंतर गुपचूप काढायचा ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलोही. देवजी तिथेच बसला होता. त्याच्यासमोर खिळा काढणं म्हणजे कबुली देणं. "घोडी पाय बदलते, मिस्त्री," तो म्हणाला. "उभी राहते ती उजवा उचलून." मी म्हटलं, "नवी नाल बसते आहे." तो म्हणाला, "तशी नाही उचलत." मी तिला चालवून बघितली. चालली. सावकाश चालताना दाबणारा खिळा फारसा जाणवत नाही, हे मी स्वतःच लोकांना सांगत आलो होतो. कधीकधी भिंत त्याला सांभाळून घेते. तसं होईल, असं म्हणून मी घरी आलो.

कॅप्टनच्या क्लिनिकचे पहिले दोन दिवस मुलांना मोबाइलवरची चित्रं दाखवण्यात, फोटो काढण्यात आणि सावकाश फेऱ्यांत गेले. तिसऱ्या दिवशी पालकांना बोलावून वेळ लावून धाव. हेमंतभाईंनी मलाही बोलावलं. पहिल्या पिंपापासून दहा हातांवर, कुंपणाला टेकून मी उभा होतो.

मृणाल सुटली. मी तिला इतकं चांगलं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. पिंपाच्या थोडं आधी तिने अंग मागे घेतलं, लगाम सैल सोडला, नजर पिंपाच्या पलीकडे ठेवली, अगदी पाहिजे तशी. रेवडी उजवीकडे वळली, सगळं वजन उजव्या पुढच्या पायावर आलं आणि तो पाय तिने टेकलाच नाही. टेकला आणि लगेच काढून घेतला. घोडी गुडघ्यावर गेली, पोर पुढून उडाली आणि डाव्या हातावर पडली.

कोपर मोडलं होतं. तिला उचलून छत्रीखाली बसवलं तेव्हा ती रडत नव्हती, ओठ पांढरे पडले होते. कॅप्टन हेमंतभाईंना सांगत होते, "तुमच्या मुलीने घाई केली, साहेब. वळणात लगाम ओढला. घोडं तोंडावर येणारच."

"किती वेळा सांगितलं," हेमंतभाई म्हणाले. ते घाबरले होते आणि घाबरलेला बाप रागावतो. "ऐकायचंच नाही कुणाचं."

"बाबा, मी ओढला नाही." तिने माझ्याकडे बघितलं. "काका, तुम्ही इथेच होतात ना? तुम्ही पाहिलंत ना?"

मी म्हटलं, "धूळ होती, बेटा. नीट दिसलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी नाल काढली. दुसऱ्या खिळ्याच्या भोकातून काळं, घाण वासाचं पाणी आलं. देवजीने पाय धरला होता. "मी सांगितलं होतं," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंही बोलला नाही, आणि मालकालाही त्याने काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. हेमंतभाईंना मी सांगितलं की पडल्यामुळे आत मार लागून पिकलं आहे. रेवडी तीन आठवड्यांत बरी झाली. हेमंतभाईंनी तिला दिवाळीच्या आत वापीकडच्या एका वरातवाल्याला देऊन टाकलं. मृणालचा हात बरा झाला, पण कोपर पूर्ण सरळ होत नाही. त्यानंतर ती घोड्यावर बसली नाही. तबेल्यात आता चिकूचे क्रेट असतात.

हात मोडल्याचं एक वेळ मागे पडलं असतं. मागे पडू दिलं नाही ते हेमंतभाईंच्या गमतीने. पाहुणे आले की ते सांगायचे, "आमची पोर पिंपाला प्रदक्षिणा घालायला गेली आणि अर्ध्यात साष्टांग नमस्कार घातला." लोक हसायचे. माणूस वाईट नाही. त्यांना वाटायचं, हसल्याने लागलेलं कमी होतं. मृणाल आधी उठून जायची. मग जायची थांबली, बसून राहायची. एकदा तर स्वतःच म्हणाली, "मला वळताच येत नाही." मी समोर चहा पीत होतो.

२०१९ चा पावसाळा. मी नाल ठोकणं त्या वर्षी थांबवलं, पाठ धरली म्हणून. हेमंतभाईंकडे सहज गेलो होतो. मृणाल बारावी होऊन कॉलेजात जायला लागली होती. अंगणात नवी स्कूटी उभी होती, मामाने घेऊन दिलेली. ती चावी घेऊन निघाली तर हेमंतभाई आतून म्हणाले, "चालवायची ती सरळ रस्त्याने. वळणं आली की उतरून ढकल." आणि मग गंमत सोडून, "नको, खरंच नको नेऊस. देवजीचा पोरगा सोडेल तुला." तिने चावी टेबलावर ठेवली. अठरा वर्षांच्या मुलीने भांडायला पाहिजे होतं. तिने ते मान्य केलं होतं.

मी तिच्यामागून वाडीत गेलो. पॅकिंगच्या शेडमध्ये ती क्रेटवर बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसंच, मऊ आवाजापासून.

ती म्हणाली, "म्हणजे मी ओढला नव्हता."

"नाही."

"आणि तुम्हाला दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"धूळ?"

"नव्हती. सकाळीच मैदानावर पाणी मारलं होतं."

"हो," ती म्हणाली. "चिखल लागला होता माझ्या बाहीला. मला आठवत होतं. पण सगळे सांगायला लागले ना काका, तेव्हा हळूहळू मलाही आठवायला लागलं की मी ओढला. हातात लगाम ओढल्याचं मला खरोखर आठवायला लागलं."

मी तिच्या पाया पडायला वाकलो असेन, कारण ती चटकन उठली. "ते नको," ती म्हणाली. "मला सांगून झालं. आता आत जाऊन बाबांना सांगा. मी येत नाही."

मी आत गेलो. हेमंतभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं पटतंय. मग त्यांनी मांडीवर हात मारला.

"मिस्त्री, पोरीने पाठवलं ना तुम्हाला?"

"पाठवलं. पण मी आधी तिला सांगितलं म्हणून."

"स्कूटी पाहिजे तर सरळ माग म्हणावं. तुम्हाला कशाला पुढे करते?"

"हेमंतभाई, खिळा माझा होता. सुधाताईंनी दाखवला होता. त्यांना विचारा."

"त्या बाईला? तुम्हीच म्हणाला होतात ना, खोटी आहे म्हणून."

"मी खोटं बोललो होतो."

"तुम्ही?" ते मनापासून हसले. "अहो, तुम्ही दलालांचं खोटं पकडणारे. तुमचा तिच्यावर लहानपणापासून जीव, म्हणून दोष स्वतःवर घेताय. मला कळतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, मिस्त्री."

"मला फार चांगलं येतं," मी म्हटलं.

त्यांनी चहा मागवला. मी दोनदा पुन्हा सांगितलं, शेवटी आवाज चढवून सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चिकूच्या भावाचं काढलं.

पुढच्या आठवड्यात मी एस.टी.ने तलासरीला गेलो, सुधाताईंकडे. त्यांनी मला ओळखलं. मी चूक कबूल केली तर म्हणाल्या, "खिळ्याचं मी त्याच दिवशी विसरले असते. मुलगी का नाही आली, हे मात्र बरेच दिवस वाटत होतं. पिंपाकडे बघत नव्हती ती. पलीकडे बघत होती. ते शिकवून येत नाही." हेमंतभाईंना फोन करता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही करा, भाऊ."

म्हणून हे लिहिलं. हेमंतभाई बोललेलं हसण्यावारी नेतात, पण छापलेलं चष्मा लावून वाचतात, आणि ज्या दिवाळी अंकासाठी हे लिहितोय तो त्यांच्याकडे दरवर्षी येतो. नावं बदलू का, असं मी मृणालला विचारलं होतं. ती म्हणाली, "बदललीत तर ते म्हणतील दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे." म्हणून सगळ्यांची नावं आहेत तशी ठेवली आहेत आणि माझं पूर्ण नाव अंकात या मजकुरावर छापायला सांगितलं आहे.

हेमंतभाई, रेवडीच्या उजव्या पुढच्या पायात खिळा मी चुकीचा मारला. आवाज ऐकला होता, तरी मारला. दाखवून दिला, तरी काढला नाही. तुमच्या मुलीने लगाम ओढला नव्हता. ती पिंपाला अगदी जवळून, बरोबर वळली होती. मी दहा हातांवर उभा होतो आणि मला स्पष्ट दिसत होतं.